तिला शुगर आहे

केकची बशी तिच्यापर्यंत आली, क्षणभर तिच्या हनुवटीखाली थांबली आणि मग वळून पुढे गेली. मालकांना नात झाली होती, म्हणून त्यांनी दुकानात केक आणला होता आणि हौसेने स्वतःच्या हाताने वाटत होते. चष्म्यांच्या त्या दुकानात माणसं मोजकीच. पुढे काउंटरवाली, मधल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणारा, ज्याला सगळे नंबरवाला म्हणत, आणि अगदी मागे, मोरीएवढ्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ती. "अहो, ताईंना नका देऊ," काउंटरवाली घाईने म्हणाली, "ताईंना शुगर आहे." "अरे हो, विसरलोच की," मालक म्हणाले, आणि लंगड्याला शर्यतीला बोलावून बसल्यासारखा चेहरा करून त्यांनी बशी मागे घेतली. तिला केक नको होता. वरच्या गुलाबी क्रीमचा वास तिला पहिल्यापासून साबणासारखा वाटायचा. पण नको आहे हे सांगायला आधी कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते राहूनच गेलं. बाकीच्यांच्या तोंडात घास होते, बोटांना क्रीम लागलं होतं, आणि तिचे दोन्ही हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करायचं हे न कळून तिने ते पाठीमागे बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखे, आणि तेवढ्यात तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. भूक नव्हती ती. राग होता. एवढ्याशा केकसाठी एवढा राग, म्हणून ती स्वतःच दचकली.

आपल्या खोलीत येऊन तिने यंत्र चालू केलं. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते. काच टेकवली की कर्र असा आवाज होतो आणि कडेवरून पांढरा लगदा गळायला लागतो. काचेवर राग काढता येत नाही. दाब जरासा वाढला की कड उडते, आणि मग मालक काही बोलत नाहीत, नुसतं 'हं' म्हणतात. तिने श्वास बारीक केला. ताईंना शुगर आहे. ताप येतो, खोकला होतो, पाय मोडतो. येतात तशी ही दुखणी जातातही. शुगर मात्र 'असते', एखाद्याची जमीन असावी, बंगला असावा, तशी. आणि ज्याच्याकडे ती असते त्याच्या ताटात डोकवायचा हक्क साऱ्या गावाला मिळतो. याच खोलीत तर सुरू झालं होतं ते. काचेवरची खूण तिला धूसर दिसायला लागली, म्हणून तिने नंबरवाल्याकडून डोळे तपासून घेतले आणि स्वतःसाठी नवीन काचा घासल्या. थोड्याच दिवसांत त्या काचांतूनही धूसर. पुन्हा नंबर, पुन्हा काचा. तिसऱ्यांदा नंबरवाल्याने हातातली बॅटरी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, डोळे असे दर थोड्या दिवसांनी मत बदलत नाहीत. रक्त तपासून घ्या." त्याचे उपकारच होते ते. तो तेवढ्यावर थांबला असता तर तिने ते जन्मभर मानले असते. पण रक्ताचा अहवाल आला तेव्हा तोही म्हणाला, "गोड फार खायचात का हो?" आणि काउंटरवालीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पण तुम्ही तर काडीसारख्या! शुगर जाड्या माणसांना होते ना?" म्हणजे एकाच्या मते ती चोर होती आणि दुसरीच्या मते तिचा आजारच खोटा. दोघंही तिच्या भल्यासाठीच बोलत होती. तिच्या भल्यासाठी बोलणाऱ्या माणसांनी तेव्हापासून जी रांग लावली, ती हलायचं नाव घेईना.

तिचे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. शिडीवर चढलेले बाबा खालून पाहिले तर शिडीचीच एक जास्तीची काठी वाटायचे, इतके बारीक. चहा बिनसाखरेचा, आणि तोही कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. गोड त्यांच्या तोंडात धरवतच नसे. कुठून काही गोडाचं आलं की 'माझ्या वाटचं पोरीला द्या' म्हणायचे आणि खिशातून खारे शेंगदाणे काढायचे. त्यांना शुगर निघाली तेव्हा ते हसले होते. "रक्तात का होईना, थोडा गोडवा आला म्हणायचा माझ्यात," ते आईला म्हणाले होते, आणि आई रडता रडता हसली होती. गोळ्या सुरू झाल्या, आकडा खाली आला, आणि मग शेजारचे काका आले. आकडा चांगला आलाय ना, मग आता गोळ्या कशाला? गोळ्यांनी मूत्रपिंडं जातात. रोज सकाळी कडू पाल्याचा रस घ्या, कडूने गोड मरतं. कडूने गोड मरतं! किती सोपं, किती लोभस गणित. बाबांनी गोळ्या सोडल्या आणि हिरवा रस डोळे मिटून घशाखाली घालू लागले, आणि त्या रसाच्या कडूपणावर घरातल्या सगळ्यांचा इतका विश्वास बसला की रक्त पुन्हा तपासावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग कधीतरी नव्या बुटातला खिळा त्यांच्या टाचेत रुतला. ते दिवसभर शिडी चढत-उतरत राहिले. दुखलंच नाही. संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं ते आईला. टाचेवरून पाऊल गेलं, पावलावरून पाय, आणि पाय कापल्यावर बाबाही फार दिवस थांबले नाहीत. त्यांना पोचवून परतलेली माणसं जिना चढत होती, आणि ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "काही म्हणा, गोड फार खाल्लं असणार," कोणीतरी म्हणालं. "जीभ. दुसरं काय," शेजारचे काका म्हणाले. तेच काका. जन्मभर गोडाला न शिवलेला माणूस मेल्यावर गोडखाऊ ठरला, आणि त्याची बाजू मांडायला तो तिथे नव्हता. तिला तेव्हा रडू येत होतं, म्हणून राग आला की नाही हे तिला कळलं नव्हतं. आता काच घासताना कळत होतं. आला होता. तो कुठे गेला नव्हता, नुसता बसून होता.

आणि घरी सर होते. तिचा नवरा शाळेत कवायतीचा शिक्षक. त्याला सारी वस्ती 'सर' म्हणायची, नुसतंच सर, आणि ती 'अहो' म्हणायची. सर वाईट माणूस नव्हता. हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते वाक्य गुळगुळीत होऊन हातातून निसटायला लागलं होतं. अहवाल आला त्या दिवशी तो तिच्यापेक्षा जास्त घाबरला. रात्रभर तळमळला आणि सकाळी उठला तो मोहिमेवर निघाल्यासारखा. आयुष्यभर पोरांना 'सावधान' आणि 'विश्राम' शिकवलेला माणूस. त्याच्या हाती शत्रू सापडला होता. भात बंद. बटाटा बंद. पाव बंद. केळं म्हणजे विष, आंबा म्हणजे महाविष, द्राक्षाचं नावही काढायचं नाही. सकाळी कडू पाल्याचा रस. तो हिरवा पेला पहिल्यांदा समोर आला तेव्हा तिने बाबांचं सगळं सांगितलं होतं त्याला, पाय आणि खिळ्यासकट. "पण त्यांनी पथ्य कुठे पाळलं?" तो म्हणाला होता. मोबाइलवर कोण कुठले लोक छातीवर हात ठेवून शपथेवर उपाय सांगायचे, आणि सर ते तिला जेवताना ऐकवायचा, पानात उकडलेला पाला असताना. त्याच्या बहिणीने, म्हणजे तिच्या नणंदेने, मधाची मोठी बरणी पाठवली: "वहिनी, मध बिनधास्त खा, तो नैसर्गिक असतो." मध चमच्याने आणि सफरचंद नाही! तिने एकदा विचारलं होतं, "मध गोड नसतो का?" तर सर म्हणाला, "त्याचं गोड वेगळं." आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो स्वतःही तेच खायचा. तिच्यासोबत पाला चघळायचा, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायचा, कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला तरी हूं की चूं नाही. लोक म्हणायचे, किती करतात हो सर बायकोसाठी. असल्या माणसावर रागवायचं कसं? रागवायला निदान एखादी फट तरी लागते. सरच्या त्यागाला कुठे फटच नव्हती.

तिचा आकडा उतरायला लागला तसा तो शिक्षकांच्या खोलीत ते सांगू लागला, वर्गातल्या पोराचे मार्क सांगावेत तसे. आणि त्याच सुमारास तिचे हात कापायला लागले. दुपारी, जेवणाच्या आधी, काच धरलेली बोटं थरथरायची, कपाळावर गार घाम यायचा, आणि मनात अशी एक भीती दाटायची जिला काही कारण नसायचं. घरी सांगितलं तर सरचा चेहरा उजळला. "चांगलं लक्षण आहे," तो म्हणाला, "शरीर विष बाहेर टाकतंय." तिने मान डोलावली. विश्वास बसला म्हणून नव्हे; वाद घालायला जेवढं अन्न पोटात लागतं तेवढं नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काय सांगितलं होतं ते तिला अंधूक आठवायचं. गोळी घेतली की जेवायचं, जेवण टाळायचं नाही, असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या, आणि बराच वेळ थाळी हाताने हवेत काढून दाखवत होत्या, एवढी भाजी, एवढा भात. पण तेव्हा तिचे कान बाबांच्या टाचेकडे लागले होते, आणि सर शेजारी बसून सगळं लिहून घेतल्यासारखी मान हलवत होता, म्हणून तिला वाटलं की ऐकायचं काम त्याने केलं असेल.

केकच्या दिवशी ती घरी आली तेव्हा सर काकडी चिरत होता. तिने चप्पल काढता काढता सांगितलं, "आज दुकानात केक होता."

"खाल्लास?" त्याचा सुरा थांबला.

"दिलाच नाही. काउंटरवाली म्हणाली, ताईंना शुगर आहे."

"शाबास. शहाणी आहे पोरगी."

"मला नकोच होता केक."

"मग झालं तर."

"झालं तर काय? मला नको होता. पण विचारलं नाही कोणी."

सरने काकडीच्या चकत्या ताटलीत गोल मांडल्या, कवायतीच्या रांगेसारख्या. "अगं, विचारून काय करायचं? हो म्हणाली असतीस तर?" तो हसला, प्रेमानेच, आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. तिने एक चकती उचलली. पाणी, नुसतं पाणी. ती चावताना तिच्या कानाजवळची शीर उडत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात सरच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा समारंभ होता. आधी जेवण, मग भाषणं, असं ठरलं होतं. सर म्हणाला, दुपारी बाहेरचं जेवण आहे, तेव्हा सकाळी पोट हलकं ठेवू. म्हणून सकाळी फक्त तो हिरवा रस आणि काकडी. आता जाऊन जेवायचंच आहे, म्हणून तिने निघताना गोळी घेतली. सभागृहात पोचल्यावर कळलं की पाहुण्यांना पुढे जायची घाई आहे, तेव्हा आधी भाषणं. सर मंचावर जाऊन बसला, कारण त्यालाही बोलायचं होतं, आणि ती समोरच्या रांगेत, शिक्षकांच्या बायकांमध्ये. उपमुख्याध्यापक दोन शब्द बोलायला उभे राहिले. दोन शब्द बोलतो म्हणून उठलेला माणूस दोन शब्दांवर कधी थांबलाय? ते मुख्याध्यापकांच्या बालपणापासून निघाले. सभागृहात पंखे होते, खिडक्या उघड्या होत्या, तरी तिच्या मानेमागून घामाची एक गार रेघ पाठीत उतरली. मग दुसरी. तिने हात मांडीखाली दाबले. मंचामागच्या फलकावरची अक्षरं एकमेकांपासून सुटी होऊन हलायला लागली, आणि तिला वाटलं, बाबांनी रंगवली असती तर अशी सुटली नसती. शेजारची बाई काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द पाण्याखालून यावेत तसे उशिरा येत होते. छाती धडधडत होती. कोणीतरी आपल्याला आतून उपसून काढतंय, बादली तळाला घासतेय, असं काहीसं. आणि या सगळ्याच्या मधोमध, दिव्याच्या ज्योतीएवढी स्वच्छ, एकच गोष्ट तिला समजत होती. भिंतीला लागून एक टेबल होतं. त्यावर लिंबाच्या सरबताचे मोठे जग होते. त्यात साखर होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तहानेलं ढोर जसं पाण्याच्या दिशेला वळतं तशी ती वळली.

ती उठली. खुर्च्यांच्या पाठी धरत टेबलाशी गेली. जगातून पेल्यात ओतताना अर्धं बाहेर सांडलं, आणि तिने पेला तोंडाकडे नेला, आणि तो तोंडापर्यंत पोचला नाही. सरचा हात तिच्या मनगटावर होता. तो मंचावरून उतरून आला होता, झपाझप, मैदानात चुकलेल्या पोराकडे यायचा तसा. आणि चेहऱ्यावर सभागृहासाठी ठेवलेलं हसू होतं. "काय करतेस?" तो त्या हसण्यामागून म्हणाला. "सरबत? एवढ्या महिन्यांवर पाणी ओतणार? सगळ्यांदेखत?" कोणीतरी मागून म्हणालं, "सर, बरोबर. अहो, सुटत नाही जीभ." जीभ. तिला सांगायचं होतं, हात कापतायत बघा, दिसत नाहीये मला, काहीतरी होतंय. पण तिची जीभ तोंडात जाड होऊन पडली होती, परक्या माणसाची ठेव असल्यासारखी. तिने मनगट ओढलं. त्याची पकड पोलादाची. दोरीवर चढून चढून कमावलेली. त्याने दुसऱ्या हाताने पेला काढून घ्यायला सुरुवात केली, हळूच, एकेक बोट सोडवत, लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तसा.

"सोड," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने सोडलं नाही. तेव्हा ती वाकली आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे मांस जाड असतं तिथे, कडकडून चावली. आधी चामडी लागली, खारट. मग चामडी राहिली नाही. सर ओरडला, आणि तो आवाज माइकने उचलून साऱ्या सभागृहाला ऐकवला, आणि उपमुख्याध्यापक अखेर थांबले. पेला फुटला. तिने जग उचलला, दोन्ही हातांनी, आणि तोंडाला लावला. सरबत हनुवटीवरून, गळ्यावरून, कपड्यांवरून वाहत होतं आणि ती पीत होती, श्वास घ्यायला थांबत नव्हती. भोवती माणसांचं कडं झालं होतं. "काढून घ्या तिच्या हातातून, साखर डोक्यात जाईल!" "वेड लागलं वाटतं." "मिठाचं पाणी द्या." "कांदा आणा, कांदा हुंगवा." विज्ञानाचे शिक्षक मोठ्या अधिकाराने सांगत होते की शुगरच्या पेशंटला चक्कर आली की ती वाढूनच येते. कोणीतरी जगाला हात घातला, तर तिने त्या माणसाकडे असं पाहिलं की तो हात आपसूक मागे गेला. मग ती टेबलाच्या पायाला टेकून खाली बसली, मांडीत जग घेऊन.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. डॉक्टर त्याच, तरुण, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं असलेल्या. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. "एवढं सरबत पोटात जाऊनही आकडा इतका खाली आहे," त्या म्हणाल्या. "आधी किती असेल?" नर्सने तिच्या हाताला बाटली लावली. तिच्या आत कुठेतरी दिवे एकेक करून लागत होते. छत दिसलं, मग छतावरचा पंखा, मग पंख्याची पाती वेगवेगळी. पुढे काय बोलणं झालं ते तिने लख्ख ऐकलं.

"सकाळी काय खाल्लं होतं यांनी?"

"काकडी," सर म्हणाला. "आणि रस. कडू."

"आणि गोळी?"

"ती घेतली. गोळी कधी चुकवत नाही आम्ही."

"गोळी साखर खाली ओढते. वर काही टाकलंच नाही, तर ती ओढून ओढून नेणार कुठे? मी जेवण टाळू नका म्हटलं होतं. भात बेताने खा म्हटलं होतं, बंद करा नाही. फळ खा म्हटलं होतं. याआधी हात कापणं, घाम, असं झालं होतं?"

सरने हातावर गुंडाळलेला रुमाल आवळला. "मला वाटलं, विष..." तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने तसंच टाकून दिलं.

"असं झालं की लगेच साखर द्यायची. साधी साखर, सरबत, हाताला लागेल ते. आजार साखरेचा आहे म्हणून नाही म्हणायचं नाही. माणूस जातो."

"मध मात्र चालतो ना?" सरने विचारलं. बिचाऱ्याला काहीतरी एक वाचवायचं होतं.

"मध म्हणजे साखरच," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या हातावरच्या रुमालाकडे गेलं. "आणि हे काय?"

"लागलं."

डॉक्टरांनी रुमाल सोडला, हात उजेडात धरला आणि कोणाच्याच चेहऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "माणसाचे दात फार घाण असतात. धुवावं लागेल नीट. इंजेक्शनही."

तिला हसू आलं. ते कुठून आलं ते कळेना. पोट दुखेपर्यंत आलं, आणि शेजारच्या खाटेवर सर इंजेक्शनसाठी बाही वर करून बसला होता, पोरासारखा. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसेल असं तिला क्षणभर वाटलं. पण त्याचे डोळे भरून आले. "मी मारलं असतं गं तुला," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि खऱ्या गोष्टीला 'नाही हो, असं कसं' म्हणायची ताकद तिने त्या सभागृहात ठेवून दिली होती.

डॉक्टरांनी गोळी बदलली. घरात भात आला, वाटीने मोजका, फळं आली, कडू रसाचा पेला कपाटात गेला. सर आता दर थोड्या वेळाने तिला "बरं वाटतंय ना?" असं विचारायचा, आणि तिचं त्याच्याशी बोलणं एका विचित्र अडचणीत सापडलं होतं. 'अहो' तोंडातून निघत नव्हतं, आणि 'अरे' म्हणायला जीभ धजत नव्हती. म्हणून ती भिंतींशी बोलल्यासारखं बोलायची. जेवण झालंय. दार लावायचंय. फोन वाजतोय. आणि बाहेर मात्र सगळ्यांनी मिळून तिला केव्हाच माफ करून टाकलं होतं. दुकानात काउंटरवाली म्हणाली, "तुमचा काय दोष ताई, शुगर उतरली की माणूस माणसात राहत नाही म्हणे." नंबरवाल्याने कुठेतरी वाचलं होतं की मेंदूला साखर मिळाली नाही तर तो काहीही करवून घेतो. नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका, ते तुमच्याकडून झालंच नाही." जो तो येऊन तिच्या हातून तो चावा अलगद काढून घेत होता, एकेक बोट सोडवत. काल जी खादाड, हावरी, ताबा नसलेली होती, ती आज बिचारी झाली होती. कालही तिला कोणी विचारलं नव्हतं. आजही विचारत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मुख्याध्यापक आणि त्यांची बायको तिला बघायला घरी आले. मुख्याध्यापकांच्या बाई मायाळू, मऊ आवाजाच्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला. समारंभाचा बेरंग झाला म्हणून ती काही बोलणार, असं वाटून त्या आधीच म्हणाल्या, "अगं, तो विषयच काढू नकोस. आम्हाला काय कळत नाही? ती तू नव्हतीसच. तो आजार होता."

"अगदी," सर घाईने म्हणाला. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी अजून जांभळट अर्धगोल होता, आणि त्याने तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला. "हिला काही भानच नव्हतं. आठवतसुद्धा नाही हिला."

"आठवतं," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी चहाचा कप बशीत ठेवला, आवाज न करता.

"मला दिसत नव्हतं, हे खरं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता तसा चढला नाही. काच घासताना असतो तसा एका पातळीवर राहिला. "हात कापत होते. जीभ हलत नव्हती. ते सगळं आजाराने झालं. पण चावले ती मी. ते मला कोणाला द्यायचं नाहीये. वर्षभर जो तो माझ्या तोंडात काय घालायचं आणि काय नाही ते ठरवत होता. मला आजार होता, आणि मला रागही होता. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. माझे बाबा गोड खाऊन मेले असं लोक म्हणाले, तेव्हाही आला होता. आजही आहे."

बाईंनी तिचा हात सोडला. घाबरून नव्हे, धरून ठेवावा की नाही हे त्यांना कळेना म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "बरोबर आहे," आणि काय बरोबर आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. थोडं हवापाण्याचं बोलून दोघं उठली. सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि बराच वेळ आला नाही. ती खिडकीतून बघत होती. ते दोघं निघून गेल्यावरही तो फाटकाला हात लावून उभा होता, पाठमोरा, ढिल्या झालेल्या पट्ट्याच्या पँटमध्ये, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पुढचा हुकूम सुचत नव्हता. तिला त्याची दया आली. दया आली म्हणून राग कमी झाला नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं तिला नवल वाटलं. दोन्ही एकाच घरात राहू शकत होती.

तो आत आला. तिच्यासमोर बसला आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

"मी ऐकलं होतं," शेवटी तो म्हणाला. "तू 'सोड' म्हणालीस ते. ऐकून सोडलं नाही मी."

"माहीत आहे."

"किती दिवस राहणार हा राग?"

"मला ठाऊक नाही. आहे तोवर राहील."

त्याने मान हलवली. मग उठला, स्वयंपाकघरात गेला आणि एक केळं सोलून, त्याच्या चकत्या करून, ताटली घेऊन आला. ताटली तिच्यापुढे सरकवत, सवयीनेच, तो म्हणाला, "घे, खा. चालतं तुला."

"भूक नाही आत्ता," ती म्हणाली. "राहू दे तिथे. लागेल तेव्हा माझी मी घेईन."

तो ताटलीकडे बघत उभा राहिला. पुढे सरकवलेली ताटली त्याने टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवली, हात मागे घेतला, आणि खुर्ची ओढून बसला. बाहेर ऊन होतं.